संसदीय पक्षाचे काम कसे चालवावे: अधिकारपत्रापासून पक्षादेशाच्या फाइलीपर्यंत

इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा येथील मराठी घरांत दिल्लीचे राजकारण हिंदी किंवा गुजराती वाहिन्यांवर पाहिले जाते, तर मुंबईचे राजकारण मराठी वर्तमानपत्रांतून वाचले जाते. त्यामुळे दोन्हीकडचे नियम डोक्यात एकत्र होतात. खासदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू होणारे सहायक, पक्षकार्यालयात काम करू पाहणारे तरुण आणि महाविद्यालयीन युवा संसदेची तयारी करणारे विद्यार्थी यांच्याकडून तीन प्रश्न हमखास येतात. संसदीय मंडळाने व्हिप, म्हणजे सभागृहात कसे मत द्यायचे याचा पक्षादेश, काढला का? एक तृतीयांश खासदार फुटले तर वाचतात ना? आणि गटाची नोंदणी आयुक्तांकडे करायची का?

तिन्ही प्रश्नांत घोटाळा आहे. भाजपचे संसदीय मंडळ ही पक्षसंघटनेची सर्वोच्च निर्णयसंस्था असून तिच्यावर खासदार नसलेली व्यक्तीही असू शकते. सभागृहात निवडून आलेल्या सदस्यांचा तो संसदीय पक्ष, आणि तो वेगळा. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण देणारी तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे गटाची नोंद होते ती महाराष्ट्रातील महापालिका, जिल्हा परिषदा अशा संस्थांमध्ये, तेथील १९८६ च्या कायद्यानुसार. गुजरातचाही स्थानिक संस्थांसाठी त्याच वर्षीचा स्वतंत्र कायदा आहे. संसदेत मात्र सगळे कागद त्या-त्या सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याकडे, म्हणजे लोकसभेत अध्यक्षांकडे आणि राज्यसभेत सभापतींकडे जातात.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. या कामातील बहुतेक चुका ज्ञानाच्या नसतात, क्रमाच्या असतात: नेता आधी निवडला जातो आणि त्याला निवडण्याचा अधिकार कोणाला होता हे नंतर शोधले जाते, व्हिप आधी निघतो आणि तो काढणाऱ्या पदाधिकाऱ्याचे, म्हणजे प्रतोदाचे, नियुक्तिपत्र नंतर टंकलिखित होते.

टप्पा १: अधिकाराचा कागद आधी

निकाल लागताच खासदारांची बैठक बोलावण्याची घाई होते. त्याआधी पक्षकार्यालयाने तीन कागद एका फाइलीत लावावेत: पक्षाची घटना, संसदीय पक्षाची स्वतंत्र नियमावली असल्यास तिची प्रत, आणि सभागृहातील नेता व मुख्य प्रतोद नेमण्याचा अधिकार पक्षघटनेनुसार कोणाकडे आहे हे दाखवणारे कलम किंवा ठराव. काही पक्षांत खासदार नेता निवडतात, काही पक्षांत ते तसा ठराव करून निवड अध्यक्षांवर सोपवतात. काँग्रेसमध्ये संसदीय पक्षाचे अध्यक्षपद आणि लोकसभेतील नेतेपद या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. आपल्या पक्षाची रीत कोणती हे तोंडी माहितीवर ठरवू नये, पक्षघटनेचे पान उघडून वाचावे.

हा आग्रह का, हे महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या खटल्यावरून कळते. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे म्हटले की, प्रतोद आणि सभागृहातील नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातील त्याच्या सदस्यांच्या गटाचा, नाही. आणि विधानसभाध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. खटला राज्य विधिमंडळातला असला तरी दहावी अनुसूची, म्हणजे राज्यघटनेतील पक्षांतरबंदीची तरतूद, संसदेला आणि विधिमंडळांना सारखीच लागू आहे. म्हणून खासदारांनी एकमताने प्रतोद निवडला तरी पक्षाध्यक्षांचे किंवा पक्षघटनेने अधिकार दिलेल्या व्यक्तीचे नियुक्तिपत्र लागतेच. त्या पत्रावर तारीख, जावक क्रमांक आणि सही हवी, आणि ती तारीख पहिल्या व्हिपच्या आधीची हवी.

इशारा: निवडणूकपूर्व आघाडी म्हणजे पक्ष नव्हे. ७ जून २०२४ रोजी जुन्या संसद भवनात, म्हणजे संविधान सदनाच्या मध्यवर्ती सभागृहात, राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या खासदारांनी नरेंद्र मोदी यांची नेतेपदी निवड केली, आणि ही बैठक दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिली. सरकार स्थापन करण्यासाठी अशा निवडीला महत्त्व आहे. पण दहाव्या अनुसूचीच्या दृष्टीने आघाडीचा व्हिप अशी काही वस्तूच नाही. प्रत्येक घटक पक्षाने आपापल्या सदस्यांना आपल्या नावाने निर्देश द्यावा लागतो. युवा संसदेच्या स्पर्धांत हमखास दिसणारी चूक हीच.

टप्पा २: पहिली बैठक

बैठकीची सूचना लेखी द्यावी आणि तिच्यात विषय स्पष्ट लिहावा: "नेतानिवड व अनुषंगिक विषय" एवढे पुरते. दोन्ही सभागृहांचे खासदार एकाच बैठकीला बोलावण्याची पद्धत अनेक पक्षांत आहे आणि तिच्यात काही गैर नाही. मात्र दहाव्या अनुसूचीनुसार लोकसभेतील सदस्यांचा गट आणि राज्यसभेतील सदस्यांचा गट हे दोन स्वतंत्र विधिमंडळ पक्ष आहेत. म्हणून हजेरीपत्रक दोन ठेवावे, ठराव दोन करावेत आणि दोन्ही सभागृहांना जाणारी पत्रेही दोन असावीत.

इतिवृत्तात भाषणांचा सारांश नको. सूचक कोण, अनुमोदक कोण, दुसरे नाव आले का, मतदान झाले की एकमत, आणि सभेचे अध्यक्षस्थान कोणाकडे होते, एवढेच लिहावे आणि त्याच दिवशी सही घ्यावी. "नंतर पक्के करू" म्हणून ठेवलेले इतिवृत्त वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न त्याच्या तारखेबद्दलच विचारतो.

तपासणी: हजेरीपत्रकावरील नावे निवडणूक प्रमाणपत्रावरील नावांशी अक्षरशः जुळतात का? आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये घालायचे की नाही, आडनावाची वर्णरचना कोणती, यावर प्रत्येक कागद वेगळा निघतो. हिंदी कागदावर "महाडिक", इंग्रजी कागदावर वेगळीच अक्षरे आणि मतदारयादीत तिसरेच नाव, असा प्रकार माळव्यातील मराठी आडनावांच्या नशिबी नेहमीचा आहे. तो येथेच मिटवावा.

टप्पा ३: पदे कोणती आणि मान्यता कशाची

नेता, उपनेता, मुख्य प्रतोद आणि प्रतोद ही कामाची पदे. खजिनदार आणि कार्यालय सचिव गरजेप्रमाणे. मोठ्या पक्षाने प्रतोद नेमताना राज्यवार किंवा विभागवार वाटणी करावी, म्हणजे एका प्रतोदाकडे नेमक्या कोणत्या सदस्यांची जबाबदारी आहे हे नावानिशी ठरते. प्रत्येकाकडे सगळे, असे ठेवले की मतदानाच्या दिवशी कोणाकडेच कोणी नसतो.

तीन नेतेपदांची गल्लत करू नये. संसदीय पक्षाचा नेता हे पक्षाचे पद. सभागृह नेता म्हणजे लोकसभेत पंतप्रधान, ते त्या सभागृहाचे सदस्य नसतील तर त्यांनी नामनिर्देशित केलेला त्या सभागृहाचा मंत्री. विरोधी पक्षनेता हे १९७७ च्या वेतन व भत्त्यांच्या कायद्यात व्याख्या केलेले पद असून त्याला अध्यक्षांची मान्यता लागते. या कायद्यात सर्वाधिक संख्येचा विरोधी पक्ष एवढीच अट आहे. एकूण सदस्यसंख्येच्या दशांशाचा निकष अध्यक्षांच्या निर्देशांतून आणि प्रथेतून आलेला आहे. ५४३ सदस्यांच्या सभागृहात तो ५५ वर येतो. २०१४ मध्ये काँग्रेसकडे ४४ सदस्य होते आणि आपल्या इंदूरच्या सुमित्रा महाजन, म्हणजे साऱ्या शहराच्या ताई, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी काँग्रेसचा दावा मान्य केला नाही. २०१९ मध्ये ५२ सदस्यांवरही हे पद रिकामे राहिले आणि २०२४ मध्ये ९९ जागा मिळाल्यावर राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले. दशांशाचा निकष कायद्यात नसताना लावावा का, यावर मतभेद आहेत आणि ते रास्तही आहेत; कार्यालय चालवणाऱ्याने मात्र ५५ हा आकडा गृहीत धरूनच आखणी करावी.

लहान पक्षांनी १९९८ चा कायदाही पाहावा. त्यानुसार लोकसभेत ५५ किंवा अधिक सदस्यांचा तो मान्यताप्राप्त पक्ष आणि ३० ते ५४ सदस्यांचा तो मान्यताप्राप्त गट. राज्यसभेत हेच आकडे २५ किंवा अधिक आणि १५ ते २४ असे आहेत. नेते व मुख्य प्रतोद यांच्या दूरध्वनी व सचिवालयीन सोयी यावर ठरतात. या मान्यतेचा पक्षांतरबंदीशी संबंध नाही. दोन सदस्यांच्या पक्षालाही दहावी अनुसूची पूर्ण लागू असते, आणि "आम्ही लहान आहोत, आम्हाला व्हिप कशाला" हे म्हणणे चालत नाही.

टप्पा ४: तीस दिवसांचे कागद

लोकसभेसाठी पक्षांतराच्या कारणावरून अपात्रतेचे १९८५ चे नियम आहेत. त्यानुसार विधिमंडळ पक्षाच्या नेत्याने सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून, किंवा पक्ष नंतर तयार झाला असल्यास तेव्हापासून, तीस दिवसांत नमुना १ मध्ये सदस्यांची यादी द्यायची असते. सोबत अध्यक्षांशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे त्यांची नावे व पदनामे, तसेच पक्षघटनेची आणि संसदीय पक्षाच्या नियमावलीची प्रत जोडायची असते. नव्या सदस्याने स्वतःची माहिती नमुना ३ मध्ये द्यायची. ही जबाबदारी त्या सदस्याची असली तरी कार्यालयाने सर्वांचे नमुने शपथेच्या आधीच भरून घ्यावेत, कारण निवडणूक प्रमाणपत्रासोबत तो तेव्हाच द्यायचा असतो.

पत्रव्यवहाराचा अधिकार एकाच व्यक्तीला देऊ नये. नेता परदेशात, मुख्य प्रतोद आजारी, आणि संध्याकाळपर्यंत पत्र पोहोचवायचे, अशी वेळ येतेच. नेता, उपनेता आणि मुख्य प्रतोद अशी तीन नावे दिली म्हणजे ही अडचण पडत नाही.

तपासणी: सचिवालयाकडे दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ आहे का? ईमेल पाठवला असला तरी शिक्क्याची प्रत घ्यावी.

टप्पा ५: अधिवेशनातला आठवडा

येथे फार लिहिण्यासारखे नाही, कारण एकदा घडी बसली की हे काम आपोआप चालते. कामकाज सल्लागार समितीत विधेयकांना वेळ ठरतो. लोकसभेत अध्यक्ष धरून तिचे पंधरापर्यंत सदस्य असतात. पक्षाच्या वाट्याला येणारा वेळ त्याच्या संख्याबळावर ठरतो. वक्त्यांची यादी मुख्य प्रतोदाने आदल्या संध्याकाळी तयार ठेवावी, वेळेची वाटणी मिनिटांत लिहावी आणि पहिल्या वक्त्याने वेळ खाल्ला तर कोणाचे नाव कापायचे तेही आधीच ठरवावे. हे न ठरवल्याने नव्या खासदारांच्या वाट्याला दीड मिनिट येते आणि पक्षात रुसवेफुगवे सुरू होतात.

विभागांशी संलग्न स्थायी समित्या २४ आहेत आणि प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे. नावे पक्षाकडून जातात. नावे पाठवण्यापूर्वी सदस्याला विषय विचारावा. बडोद्यासारख्या पेट्रोरसायन उद्योगाच्या शहराचा खासदार रसायने व खते समितीत अधिक उपयोगी पडतो, आणि तो स्वतःहून मागेल असे धरून चालू नये. प्रश्नांची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा मतदारसंघातून येणारे विषय अधिवेशनाची तारीख जाहीर होताच गोळा करावेत.

साप्ताहिक बैठकीत नेत्याने शेवटी बोलावे. सुरुवातीलाच नेत्याचे मत कळले की पुढे कोणी खरे बोलत नाही, आणि मग नाराजी थेट मतदानाच्या दिवशी रिकाम्या बाकांवर दिसते. व्हिप हा मतभेद दाबण्याचा उपाय नव्हे. मतभेद बैठकीत संपले नाहीत तर व्हिप फक्त त्यांची किंमत वाढवतो.

टप्पा ६: पक्षादेश लिहिणे

सगळ्यात जास्त चुका येथे होतात.

एक ओळीचा व्हिप मतदान आहे एवढे कळवतो, दोन ओळींचा उपस्थित राहण्यास सांगतो आणि तीन ओळींचा उपस्थित राहून ठरलेल्या बाजूने मत देण्यास बांधतो. मजकुराखाली किती रेघा ओढायच्या यावरून ही नावे पडली. परंतु कायद्यात ओळींचा उल्लेख कोठेही नाही. अपात्रता येते ती राजकीय पक्षाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने काढलेल्या निर्देशाविरुद्ध, पूर्वपरवानगी न घेता, मतदान केल्याने किंवा मतदानापासून दूर राहिल्याने. म्हणून तीन रेघा ओढल्या आणि मजकुरात फक्त "उपस्थित राहावे" असे लिहिले, तर विरोधात मत देणाऱ्यावर तो कागद चालवणे अवघड होते. अशा मोघम मजकुराचे व्हिप आजही निघतात.

किहोतो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहावी अनुसूची वैध ठरवताना दोन गोष्टी सांगितल्या, त्या प्रतोदाच्या टेबलाच्या काचेखाली असाव्यात. पहिली, सदस्यत्व घालवणारा निर्देश विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरता किंवा ज्या धोरण-कार्यक्रमावर पक्षाने मते मागितली त्याच्याशी निगडित विषयापुरता असावा. दुसरी, निर्देशाच्या शब्दांतूनच हे स्पष्ट व्हावे की त्याविरुद्ध वागल्यास अपात्रता ओढवेल. मसुदा साधारण असा करावा:

"लोकसभेतील पक्षाच्या सर्व सदस्यांस. विषय: दिनांक … रोजी चर्चेस येणारा अविश्वास प्रस्ताव. पक्षाध्यक्षांच्या दिनांक … च्या पत्राने मिळालेल्या अधिकारानुसार पक्षाच्या वतीने निर्देश देण्यात येतो की, आपण त्या दिवशी सकाळी अकरापासून सभागृहाचे कामकाज संपेपर्यंत उपस्थित राहावे आणि प्रस्तावाच्या विरोधात मतदान करावे. पूर्वपरवानगीशिवाय या निर्देशाविरुद्ध मतदान केल्यास किंवा मतदानापासून दूर राहिल्यास राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतील परिच्छेद २ (१) (ख) नुसार आपण सदस्यत्वास अपात्र ठराल."

यात "पक्षाच्या वतीने", अधिकारपत्राची तारीख, मतदानाची बाजू आणि परिणाम, या चार गोष्टींपैकी एकही गाळू नये. प्रस्तावाची बाजू दोनदा वाचावी: विरोधकांनी मांडलेल्या प्रस्तावाच्या "बाजूने" असे चुकून टंकलिखित झालेला व्हिप दुरुस्त करण्यासाठी दुसरा काढावा लागतो, आणि मग दोन व्हिपपैकी कोणता खरा यावर वाद घालायला जागा मिळते.

इशारा: राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही, तेथे गुप्त मतदान असते. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, तरी पक्षाविरुद्ध मत दिल्याने दहाव्या अनुसूचीखाली अपात्रता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर खटल्यात २००६ मध्ये म्हटले आहे. तुम्ही अशा विषयावर व्हिप काढलात तर सदस्य हसतात, आणि पुढच्या खऱ्या व्हिपचेही वजन कमी होते.

टप्पा ७: बजावणे आणि मोजणे

व्हिप बजावण्याची तीन माध्यमे एकाच वेळी वापरावीत: सदस्याच्या दिल्लीतील निवासस्थानी हस्ते प्रत, नोंदवलेल्या ईमेलवर प्रत आणि मोबाइलवर संदेश. खरे महत्त्व पोच वहीचे. आखीव वही घ्यावी. रकाने असे असावेत: अनुक्रमांक, सदस्याचे नाव, प्रत कोणी दिली, कोणी घेतली, नाते किंवा हुद्दा, तारीख, वेळ, सही. "घरी दिली" एवढी नोंद निरुपयोगी असते. घेणारा स्वयंपाकी होता की स्वीय सहायक, आणि वेळ सकाळची होती की मतदान संपल्यानंतरची, हे वहीवरून कळले पाहिजे. दार बंद असेल तर तसे लिहून दोन जणांच्या सह्या घ्याव्यात.

मतदानाच्या आदल्या रात्री तीन याद्या कराव्यात: नक्की येणारे, वाटेत असलेले आणि न येणारे, कारणासह. वाटेत असलेल्यांची यादी सगळ्यांत धोकादायक. इंदूरहून रात्रीच्या गाडीने निघालेला खासदार सकाळी दिल्लीत पोहोचेल हे खरे, पण डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ग्वाल्हेरच्या पुढे गाडी किती रखडते हे या मार्गावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अविश्वास प्रस्तावाच्या किंवा अर्थ विधेयकाच्या दिवशी आदल्या दुपारपर्यंत दिल्लीत पोहोचणे सक्तीचे करावे.

एका मताने काय होते याचे उदाहरण ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. १७ एप्रिल १९९९ रोजी ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले. त्या दिवसाची आठवण भावनेने निघते. प्रतोदाने तिच्याकडे हिशेबाने पाहावे. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता आणि त्यांनी येऊन मत दिले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना नंतर काढले, पण मत मोजले गेले होते. यातून दोन कामे निघतात: समोरच्या पक्षाच्या सदस्यांचीही अद्ययावत यादी ठेवणे, आणि व्हिप मत रोखत नाही, फक्त नंतरची कारवाई शक्य करतो, हे लक्षात घेऊन डळमळीत सदस्यांशी नेत्याने स्वतः बोलणे.

प्रत्यक्ष मतविभाजनाच्या वेळी लोकसभेत साडेतीन मिनिटे घंटा वाजते आणि मग दरवाजे बंद होतात. मध्यवर्ती कॅन्टीन, समितीच्या खोल्या आणि बाहेर माध्यमांजवळ उभे असलेले सदस्य यांच्यासाठी एकेक माणूस आधीच नेमावा. सदस्याने स्वतःच्या नेमलेल्या जागेवरूनच मत द्यावे. गप्पा मारायला दुसऱ्याच्या बाकावर गेलेल्यांना घंटा होताच परत पाठवावे. नव्या सदस्यांना यंत्राचा सराव द्यावा. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रित निवडणुकांचे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर २६९ विरुद्ध १९८ असे मतदान झाले, तेव्हा नव्या सभागृहात प्रथमच यंत्राने मते घेतली गेली आणि काहींना चिठ्ठ्यांवर मत दुरुस्त करावे लागले. त्रिओळी व्हिप असूनही सत्ताधारी बाजूचे काही खासदार त्या दिवशी गैरहजर होते, हेही प्रतोदांनी विसरू नये.

टप्पा ८: मतदानानंतरचे पंधरा आणि तीस दिवस

मतदान संपताच अधिकृत मतदानयादी मिळवावी आणि ती पोच वहीशी ताडून पाहावी. ज्यांनी निर्देश मोडला त्यांना त्याच आठवड्यात लेखी विचारणा करावी.

येथे दोन घड्याळे चालतात. पक्षाने पंधरा दिवसांत कृत्य क्षमापित, म्हणजे माफ, केले तर अपात्रता येत नाही. आणि क्षमापित केले की नाही हे नेत्याने मतदानापासून तीस दिवसांच्या आत नमुना २ मध्ये अध्यक्षांना कळवायचे असते. पंधरा दिवस "चर्चा चालू आहे" म्हणून गेले आणि सोळाव्या दिवशी माफी दिली, असे पत्र उपयोगाचे नाही. उलट, पहिल्याच दिवशी रागाने कोणाला पक्षातून काढूही नये. आधी अपात्रतेचा अर्ज, मग संघटनात्मक कारवाई, हा क्रम वकिलांच्या सल्ल्याने पाळावा, कारण काढलेल्या सदस्याच्या स्थितीवरून नवाच वाद सुरू होतो.

गैरहजर प्रत्येक जण दोषी नसतो. मतदानाचा अधिकार असताना जो स्वेच्छेने मत देत नाही तोच मतदानापासून दूर राहिला असे नियम समजतात. रुग्णालयात असलेल्याचे प्रमाणपत्र आणि आधी मागितलेली परवानगी फाइलीत लावली की विषय संपतो.

अपात्रतेचा अर्ज सभागृहाच्या एखाद्या सदस्याच्या सहीने करावा. दिवाणी दाव्याच्या कैफियतीप्रमाणे त्यावर सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचे सहीनिशी कथन, लागते आणि जोडपत्रांवरही सही व सत्यापन लागते. ही अट पाळली नाही तर गुणवत्तेचा विचार न होताच अर्ज फेटाळला जातो, आणि चांगल्या प्रकरणांचा असा शेवट झालेला आहे. अध्यक्षांनी असे अर्ज सामान्यतः तीन महिन्यांत निकाली काढावेत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले, पण त्यावर विसंबून पुढची आखणी करू नये.

टप्पा ९: गळती, विलीनीकरण आणि यादीतील बदल

आता बचावाचा मार्ग एकच: पक्षाचे दुसऱ्या पक्षात विलीनीकरण आणि त्याला विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती. "आम्ही वेगळा गट आहोत" एवढे पत्र दिल्याने संरक्षण मिळत नाही. शिवाय राजीनामा दिला नाही म्हणजे सदस्यत्व सोडले नाही, असेही नसते. वागणुकीवरूनही पक्षत्याग सिद्ध होऊ शकतो, हे १९९४ पासून ठरलेले आहे. म्हणून दुसऱ्या पक्षाच्या सभेतील भाषणे, छायाचित्रे, पत्रे यांची तारीखवार नोंद ठेवण्याचे काम एका माणसाकडे सोपवावे.

लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे उपसभापती अशा पदांवर निवड झाल्यामुळे पक्ष सोडणाऱ्या सदस्याला सूट आहे. त्याचे नाव यादीत कसे दाखवायचे हे सचिवालयाला विचारून ठरवावे. निधन, राजीनामा, पोटनिवडणूक किंवा प्रतोदबदल यांपैकी काहीही झाले की सुधारित माहिती तीस दिवसांत द्यावी आणि जुन्या यादीवर "रद्द" असे लिहून ती फाइलीतच ठेवावी, फाडू नये. प्रतोद बदलला असेल तर नव्या प्रतोदाचे नियुक्तिपत्र अध्यक्षांकडे पोहोचून त्याची शिक्क्याची प्रत परत आल्याशिवाय त्याच्या सहीने एकही व्हिप बाहेर पडू देऊ नये.